दादामध्ये देवाचं प्रतिरूप कमी आहे का?

माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. त्याचं बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना फारसं नाही. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत तीन दिवस सभा झाल्या. एका वक्त्यांनी सांगितलं की देवाचं प्रतिरूप म्हणजे बुद्धी आणि सदसद्विवेक, त्यामुळेच माणूस जनावरांहून वेगळा. घरी येताना रिक्षात माझ्या 12 वर्षांच्या मुलीने विचारलं, "मग दादामध्ये ते कमी आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. त्यात पाळकसाहेबांनी यंदाही त्याला दृढीकरणाच्या (मोठेपणी स्वतःचा विश्वास मंडळीपुढे जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात घेतलं नाही. बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, पण विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा ठरलेला मजकूर), प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा पाठ म्हणता आल्या पाहिजेत असा नियम आहे म्हणाले. त्याला प्रभूची प्रार्थना अर्धीच येते. नात्यातल्या एक मावशी म्हणतात, "स्वर्गात गेल्यावर होईल गं तो नीट." हे ऐकलं की पोटात तुटतं, पण का ते सांगता येत नाही. मुलीला काय सांगू? पाळकसाहेबांशी काय बोलू?
— एक आई, अहिल्यानगर जिल्हा

ताई, सलाम.

मुलीचा प्रश्न आधी घेतो. उत्तर "नाही" असंच आहे, आणि ते तिचं मन राखायला म्हणून दिलेलं नाही. वक्त्यांनी सांगितलं ते ख्रिस्ती विचारात फार जुनं आहे, त्यामागे मोठमोठी नावं आहेत. पण ते पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही. उद्या कुणी विचारलं तर तुम्हाला वचनावर बोट ठेवून हे दाखवता यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असं जुन्या करारात थेट सांगणाऱ्या जागा तीनच, आणि तिन्ही उत्पत्तीत: 1:26-27, 5:1-3 आणि 9:6. घरच्या प्रार्थनेच्या वेळी मुलीला जवळ घेऊन या तिन्ही सलग वाचा, पाच मिनिटंही लागत नाहीत. वाचताना तिला एकच शोधायला सांगा: "प्रतिरूप म्हणजे अमुक" असं कुठे म्हटलंय का? बुद्धी, भाषा, विवेक, काहीच सापडणार नाही. पहिल्या जागी देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा करतो, नर आणि नारी अशी दोघं, आणि मासे, पाखरं, गुरंढोरं त्यांच्या हाती सोपवतो. दुसऱ्या जागी आदामाला शेथ होतो, तो बापाच्या प्रतिरूपाचा, बापासारखा. हे एदेन बागेतून बाहेर पडल्यानंतरचं. बापाचं प्रतिरूप होण्यासाठी शेथाने केलं काय? जन्माला आला, बस्. तिसरी जागा जलप्रलयानंतरची: माणसाचं रक्त सांडू नये, कारण देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं. ज्याचा जीव जातो तो किती हुशार, किती कामाचा, याची चौकशी त्या वचनात नाही. नव्या करारात याकोबाने (3:9) हेच जिभेला लावलं: ज्या तोंडाने देवाचा धन्यवाद करतो त्याच तोंडाने आपण देवाशी सदृश केलेल्या माणसांना शाप देतो.

या शेवटच्या दोन जागा जरा शेजारी ठेवून बघा. सृष्टीचं वर्णन संपल्यावर या दोन जागी शास्त्र प्रतिरूपाचं नाव काढतं ते दोन गोष्टी अडवायला: जीव घेऊ नको आणि शिव्याशाप देऊ नको. दोन्ही वेळा पकडलं जातं ते हात उगारणाऱ्याला आणि तोंड सोडणाऱ्याला. समोरच्या माणसाची परीक्षा कुठेच घेतलेली नाही. वक्त्यांनी मात्र परीक्षा समोरच्याची लावली, आणि घोळ तिथेच झाला.

उत्पत्तीच्या पहिल्या ऐकणाऱ्यांना "प्रतिरूप" म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर येत असेल? बहुधा पुतळा. 1979 मध्ये सीरियात तेल फेखेरिये इथे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातल्या एका राजाचा बसाल्ट दगडाचा पुतळा सापडला. त्यावरचा लेख अक्कादी आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. अरामी मजकुरात त्या पुतळ्याला जे दोन शब्द वापरलेत, त्यांचीच हिब्रू भावंडं उत्पत्ती 1:26 मध्ये आपल्या "प्रतिरूप" आणि "सदृश" या शब्दांच्या जागी बसलेली आहेत. अश्शूरचे राजे जिंकलेल्या मुलखात स्वतःचे पुतळे उभारत, म्हणजे इथे सत्ता कुणाची हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. मिसरात (इजिप्तमध्ये) तर राजालाच देवाची मूर्ती म्हणत. तुतनखामुन या नावाचा अर्थच "आमोन देवाची जिवंत प्रतिमा". हा मान त्या काळी मुख्यतः सिंहासनावर बसलेल्याचा. उत्पत्तीने तो सरसकट सगळ्या माणसांना देऊन टाकला, बायकांना धरून. आणि पुतळ्याला मान मिळायचा तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे थोडाच! ज्याने तो उभा केला त्याच्यामुळे. पुतळ्यावर दगड मारणारा राजावर दगड मारत असे, मग पुतळ्याचं नाक फुटकं का असेना.

मग बुद्धीची गोष्ट आली कुठून? ग्रीक तत्त्वज्ञांनी माणसाची व्याख्याच "विचार करणारा प्राणी" अशी केली होती, आणि चर्चचे सुरुवातीचे शिक्षक त्याच शाळेत शिकलेले. ऑगस्टीन या बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला स्मृती, आकलन आणि इच्छा या मनाच्या तीन शक्तींत त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एका देवाची) खूण शोधली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास हा धर्मपंडित त्याच वाटेने पुढे गेला. दोघांवर अन्याय नको. प्रतिमा साफ पुसली जाते असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही, आणि जन्मापासून बुद्धी चालत नाही अशांनाही बाप्तिस्मा द्यावा असं अक्विनासने स्पष्ट लिहिलंय. पण ज्यांना बुद्धी वापरता येत नाही त्यांच्यात प्रतिमा इतकी झाकोळते की जवळजवळ नसल्यासारखीच होते, हेही त्यानेच लिहिलं. तुमच्या मुलीने रिक्षात बरोबर हीच दुखरी जागा दाबली. सभेतल्या एवढ्या मोठ्यांच्या ती लक्षात आली नाही, आणि सहावी-सातवीतल्या पोरीच्या आली.

याच परंपरेत दुसरा सूरही आहे. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपने गुलामगिरीवर प्रवचन केलं आणि थेट किंमत विचारली: देवाच्या प्रतिमेला तुम्ही किती पैसे मोजले? बाजारात उभ्या असलेल्या माणसाला काय काय येतं, हे त्याने आधी विचारलं नव्हतं.

कुणी तुमच्यापुढे कलस्सैकरांस 3:10 टाकेल. तिथे नवा मनुष्य निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपानुसार "ज्ञानात" नवा होत जातो असं आहे, म्हणजे ज्ञान आलंच की, असं म्हणतील. पुढच्या दोन ओळी वाचून दाखवा. अकराव्या वचनात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), रानटी आणि स्कुथी (तेव्हा अगदी रानटी समजली जाणारी जमात), दास आणि स्वतंत्र हे भेद संपतात. बाराव्यात ते ज्ञान अंगावर कसं दिसतं ते आहे: करुणा, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता. या यादीत तुमचा मुलगा कुठे बसतो आणि त्याच्यावर हसणारी पोरं कुठे, ते पाळकसाहेबांना दिसेलच. पण त्याचा गोडवा गाऊन त्याला वरच्या नंबरावर बसवायचा मोहही टाळा. त्याला राग येतो, तो हट्ट करतो, खोटंही बोलत असेल. तोही बाकीच्यांसारखाच नवा होत जाणारा.

बुद्धीला पर्याय म्हणून हल्ली दोन उत्तरं दिली जातात. एक: प्रतिरूप म्हणजे देवाच्या वतीने सृष्टी सांभाळण्याचं काम. हे मजकुराच्या बरंच जवळ आहे. दुसरं: प्रतिरूप म्हणजे नातं, मी आणि तू. विसाव्या शतकात कार्ल बार्ट या स्विस धर्मपंडिताने हे जोरात मांडलं. दोन्ही तुम्हाला आवडतील, कारण डाऊन सिंड्रोम असलेली बरीच मुलं माणसांत रमतात आणि नेमून दिलेलं काम मनापासून करतात. पण जपून. पलंगावरून न उठणारं, कुणाला ओळख न दाखवणारं मूलही असतं. नातवंडांची नावं विसरलेली आजी असते. कामाची पट्टी लावली तर ते मूल बाहेर, नात्याची लावली तर आजीही काठावर. बुद्धी, काम, नातं ही माणसाला मिळालेली देणी आहेत, कुणाला कमी, कुणाला जास्त. प्रतिरूप असण्यासाठी त्यांची अट घातली की कुणी ना कुणी दाराबाहेर राहतंच. आमच्या मते म्हणूनच उत्पत्तीने ती घातली नाही.

मुलीला एवढं सगळं सांगायची गरज नाही. तीन वाक्यं पुरतात: "देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, आणि दादा माणूस आहे. ते कमी-जास्त होत नाही, माझ्यातही नाही, तुझ्यातही नाही. दादाला काही गोष्टी शिकायला वेळ लागतो, तो वेगळा विषय." शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलं की तिला वाटतं, दादाला जमत नाही हे दिसत असूनही बोलायचं नाही. मुलं असल्या गप्पपणातून भलतंच ताडतात.

दोन वाक्यं मात्र घरातून हद्दपार करा. एक, "दादा देवदूत आहे." शास्त्रात प्रतिरूपाची गोष्ट माणसाबद्दल केलेली आहे, आणि देवदूत म्हटलं की माणूसपणच काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय दादाने वही फाडली आणि तिला राग आला, तर देवदूतावर रागावल्याचा अपराध तिच्या डोक्यावर बसतो. दुसरं, "तुम्हाला झेपेल म्हणूनच देवाने असं मूल दिलं." यासाठी करिंथकरांस पहिलं पत्र 10:13 सर्रास ओढून आणलं जातं. ते वचन परीक्षेत, मोहात पडण्याबद्दल आहे, बाळाच्या गुणसूत्रांबद्दल नाही. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आली, 46 च्या जागी 47 झाली, यात तुमच्या खांद्यांचं माप कुणी घेतलेलं नाही. "कुणाचं पाप?" असंही कुजबुजणारे असतात. त्यांना योहान 9:1-3 दाखवा. शिष्यांनी नेमका हाच प्रश्न केला होता आणि येशूने दोन्ही पर्याय खोडून काढले: ना त्याचं पाप, ना त्याच्या आईबापाचं.

गल्लीत त्याला "येडा", "अर्धवट" म्हणतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण म्हणत असणार. याकोब 3:9 तिथे लागू आहेच, कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 92 नुसार लोकांसमोर, मानहानी करायच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पोलिसांत जायची वेळ सहसा येत नाही. कलमाचा नुसता आकडा सांगितला तरी बरीच तोंडं बंद होतात.

आता घरातली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. ज्यू परंपरेत हिल्लेल नावाच्या गुरूची कथा आहे, येशूच्या आधीच्या पिढीतला हा. शिष्यांनी विचारलं, कुठे निघालात? म्हणाला, एक धर्मकृत्य करायला. कोणतं? अंघोळ. शिष्य चक्रावले. तो म्हणाला, नाटकशाळांत उभे असलेले राजाचे पुतळे घासून धुणाऱ्याला पगार मिळतो, मान मिळतो, मी तर देवाच्या प्रतिरूपाचा केलेला आहे.

सतरा वर्षांच्या मुलाच्या अंघोळीकडे या नजरेने बघा. मदत लागत असेल तर आता ती वडिलांनी, काकांनी किंवा मामाने करावी. दार लावलेलं असावं, बहिणीची येजा बंद. बादली, मग, टॉवेल आधी आत ठेवावा, म्हणजे त्याला उघडं उभं करून कुणी टॉवेल शोधायला जाणार नाही. हात लावण्याआधी सांगावं: "पाठीवर पाणी टाकतो", "आता केस". आणि खरंच एक क्षण थांबावं. तोंड, छाती, पाय, गुप्तांग त्याने स्वतः धुवावं, मोठ्याने फक्त पाठ आणि डोकं. डाऊन सिंड्रोममध्ये काही जणांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात, म्हणून केस धुताना मान मागे ताणू नये की पुढे दाबू नये. त्याने बसून, मान सरळ ठेवून, डोळे मिटावेत. त्वचा कोरडी पडते, तेव्हा अंग ओलसर असतानाच तेल लावलेलं बरं. आणि अंघोळ चालू असताना बाहेरून "झालं का रे याचं?" असं विचारू नये. विचारायचं तर त्याला: "झालं का तुझं?" दवाखान्यात, दुकानात, नातेवाइकांसमोरही हाच नियम. तो समोर असताना त्याच्याबद्दल "तो" करून बोलणं सुरू झालं की तुम्हीच त्याच्याकडे वळा आणि प्रश्न त्याला विचारा. उत्तर यायला दहा सेकंदं लागतील. ती दहा सेकंदं कुणी मध्ये बोलायचं नाही.

मावशींचं वाक्य. पोटात तुटतं, कारण त्यात असं गृहीत धरलंय की आत्ता तुमच्या घरात आहे तो खरा मुलगा नव्हेच, खरा तिकडे मिळणार आहे. शास्त्रात स्वर्गाबद्दल जे वचन दिलंय ते अश्रू, मरण, शोक आणि दुःख जाण्याचं (प्रकटीकरण 21:4). त्याच्या हृदयाला त्रास असेल, धाप लागत असेल, तर ते जाईल अशी आशा जरूर धरा. पण पुनरुत्थान झालेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याला बोट घालायला सांगितलं ते तिथेच (योहान 20:27). बुद्धीत प्रतिमा शोधणाऱ्या त्याच ऑगस्टीनने पुढे लिहिलं की हुतात्म्यांच्या जखमांचे व्रण कदाचित स्वर्गातही राहतील, आणि ते व्यंग न दिसता भूषण दिसतील. आणि देवाचं प्रतिरूप म्हणून नवा करार ज्या येशूकडे बोट दाखवतो (कलस्सैकरांस 1:15) त्याच्याबद्दल मंडळी यशया 53:2 वाचते: त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती. मावशींना एवढंच सांगा, "मावशी, बदलायचंय ते आपल्या सगळ्यांनाच. दुसरं करिंथकर 3:18 वाचा, त्यात 'आपण सर्व' असं आहे." भांडण होणार नाही आणि विषयही मिटेल.

पाळकसाहेबांकडे जायचं ते तक्रार घेऊन नको, योजना घेऊन. पाठांतराच्या अटीचं मूळ समजून घ्या. 1662 च्या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात आहे की विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा म्हणता येतील आणि प्रश्नोत्तरीतल्या प्रश्नांना उत्तरं देता येतील अशांचंच दृढीकरण व्हावं. बाप्तिस्म्याच्या विधीत त्याच गोष्टी लोकांच्या बोलीभाषेत शिकवायला सांगितल्यात. मिशनऱ्यांबरोबर ही रीत आपल्याकडे आली. लॅटिन पुटपुटण्याऐवजी माणसाला आपल्या भाषेत विश्वास कळावा, हा त्यामागचा रोख. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो रोख साधायचा असेल तर रीत बदलावी लागेल, आणि मराठी मंडळीला हे नवं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या काळात अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली. वाचता येत नाही म्हणून वचन बंद ठेवलं नाही, वाचायची तऱ्हा बदलली.

त्याला पाठ का होत नाही, हेही सांगा. डाऊन सिंड्रोममध्ये ऐकलेले शब्द क्रमाने लक्षात ठेवणं बरंच अवघड जातं, पण डोळ्यांनी पाहिलेलं तुलनेने चांगलं राहतं. म्हणजे वर्गात एकामागून एक वाक्यं म्हणवून घेणं हा त्याच्यासाठी नेमका सगळ्यात कच्चा रस्ता. त्यात कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणंही या मुलांत नेहमीचं, तेव्हा आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. निम्मं "येत नाही" तिथेच सुटतं कधीकधी.

मग घरी असं करा. प्रभूच्या प्रार्थनेचे सात-आठ तुकडे करा, प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. एका बाजूला चित्र किंवा फोटो, खाली दोन-तीन ठळक शब्द. "आमची रोजची भाकर" याला तुमच्याच तव्यावरच्या भाकरीचा फोटो हवा, पुस्तकातल्या पावाचा नको. "आमची ऋणे आम्हांला सोड" याला भांडणानंतर त्याने आणि बहिणीने हात मिळवल्याचा. रोज पंधरा मिनिटं, एकाच वेळी, एकाच जागी. वाक्य तुम्ही म्हणा, शेवटचा शब्द त्याला म्हणू द्या: "तुझे राज्य..." आणि थांबा. "येवो" पक्कं झालं की मग शेवटचे दोन शब्द त्याचे. असं शेवटाकडून मागे यायचं, म्हणजे दर वेळी वाक्य तोच पूर्ण करतो आणि अर्ध्यात अडकून पडत नाही. आठवड्याला एकच नवं कार्ड, जुनी रोज. चुकला तर "नाही" म्हणू नका, बरोबर शब्द म्हणा आणि पुढे जा. यात बिघडतं ते घाईने. दोन आठवड्यांत चार कार्डं केली की पाचव्याला तो पळ काढतो आणि घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला, "याला जमत नाही." दोन-अडीच महिन्यांत प्रार्थना होईल. दहा आज्ञांची नुसती चित्रं ओळखता आली तरी चालेल का, हे पाळकसाहेबांना स्पष्ट विचारा. उत्तरं "होय" किंवा मान हलवून घेता येतील का, हेही.

प्रभुभोजनासाठी (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीसाठी) करिंथकरांस पहिलं पत्र 11:28-29 पुढे येईल: माणसाने स्वतःची परीक्षा करावी, शरीर न ओळखता खाणारा दोष ओढवून घेतो. बरेच जण याचा अर्थ भाकरीत ख्रिस्ताचं शरीर ओळखणं असा घेतात. त्या अर्थानेही "हा येशूचा पाव, हा आपला रोजचा" एवढं त्याला कळतं का ते बघावं. रोमन कॅथलिक मंडळीची 1983 ची धर्मसंहितासुद्धा मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद देताना "आपापल्या कुवतीप्रमाणे" समज असावी असं म्हणते (नियम 913). पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाची तक्रार 11:21-22 मध्ये आहे, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही जण आधीच खाऊन घेत होते आणि नसलेल्यांना लाजवत होते. तिथे न ओळखलेलं शरीर म्हणजे शेजारी बसलेला भाऊ, असा अर्थ घ्यायला चांगला आधार आहे. कुणी लेवीय 21 काढलं, व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ येऊ नये, तर त्याच अध्यायातलं 22 वं वचन वाचा: देवाचं अन्न तो खाऊ शकतो. आणि 2 शमुवेल 9 मध्ये दोन्ही पायांनी लंगडा मफीबोशेथ दावीद राजाच्या पंक्तीला रोज जेवतो.

शिकवणीचा भार तुम्ही एकट्या घेऊ नका. आईच सगळं करत राहिली तर मंडळीत दुसऱ्या कुणाला त्याची भाषा येत नाही. तरुण संघातला एक भरवशाचा मुलगा सोबती म्हणून मागून घ्या. दर रविवारी तोच, शेजारी बसेल, गीताचं पान काढून देईल, आवाज सहन झाला नाही तर बाहेर घेऊन जाईल. गीतपुस्तकं वाटणं किंवा दानपिशवी फिरवणं असं एक कायमचं कामही असावं, नाताळच्या कार्यक्रमापुरतं नको.

दोन-तीन महिन्यांनी कार्डं घेऊन पाळकसाहेबांना दहा मिनिटं मागा आणि मुलालाच म्हणू द्या. तरी नकार आला तर कारण लेखी मागा, मग पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती), मग बिशपसाहेबांना पत्र. दृढीकरण बिशपच करतात, आणि बऱ्याचदा अट सैल करायचा अधिकार पाळकाला वाटतो त्याहून जास्त त्यांच्याकडे असतो. होकार आला तर आदल्या आठवड्यात रिकाम्या चर्चमध्ये दोनदा तालीम करा: कुठून चालत जायचं, कुठे गुडघे टेकायचे, काय विचारलं की "होय" म्हणायचं. भाकर आणि द्राक्षरस घरी आधी चाखवा, चव नवी लागली तर काही मुलं जागीच थुंकतात. गिळायला त्रास असेल तर तुकडा चण्याएवढाच, रसात बुडवलेला. आणि बिशपसाहेबांना आधीच सांगून ठेवा की डोक्यावर हात हलकाच ठेवायचा, मान दाबायची नाही.